प्रकरीचं फळ

‘पथेर पांचाली’त म्हातारी इंदिर ठाकरून हरिहरच्या अंगणात शेवटची येते, तेव्हा तिला बरं वाटत नसतं. आपल्या वाडवडिलांच्या घरात डोळे मिटावेत, एवढंच तिला हवं असतं. हरिहरची बायको सर्बजया नात्यानं तिची भावजय. नवऱ्याची कमाई बेभरवशाची, पदरात दोन पोरं, त्यात हे एक तोंड जास्तीचं. सर्बजया तिला थारा देत नाही. म्हातारी पाणी मागते. तेही तिला आपलं आपण घ्यावं लागतं. ती लोटा भरते, पिते आणि उरलेलं पाणी अंगणातल्या एका रोपट्याला घालते. मग बोचकं उचलून काठी टेकत निघते. पुढं बांबूच्या बनात घरातली दोन्ही पोरं, दुर्गा आणि अपू, तिला बसलेली पाहतात. दुर्गा तिला हलवते आणि ती कलंडते.

ज्या घरानं आसरा नाकारला त्या घरातलं रोपटं तिनं जाता जाता शिंपलं. तिथं थांबून दाखवावं असं कॅमेऱ्यालाही वाटलेलं नाही. म्हातारी सवयीनं करते तसं करून मोकळी होते. मी हा सिनेमा जेव्हा जेव्हा पाहते तेव्हा या एका हालचालीची वाट पाहत असते. सगळा सिनेमा मनात ठेवूनसुद्धा मला ती त्या रोपट्यापाशी उभी दिसते.

चुनीबाला देवींनी ही भूमिका केली तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या. ऐन उमेदीत त्यांनी रंगभूमीवर काम केलेलं होतं, नंतर कित्येक वर्षं त्या या सगळ्यापासून दूर होत्या. पाठीला बाक, तोंडात दात नाहीत, पण बुद्धी लखलखीत. दिग्दर्शक सत्यजित रायांच्या हाती पैसे नसल्यानं चित्रीकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा मोठी झाली नाही आणि म्हातारी तगली, हे तीन चमत्कार झाले म्हणून सिनेमा पुरा झाला, असं ते सांगत. इंदिरची अंत्ययात्रा चित्रित करायची होती तेव्हा जिवंत म्हाताऱ्या बाईला तिरडीवर झोपायला कसं सांगावं, याचा त्यांना संकोच वाटत होता. चुनीबालांना त्यात काही गैर वाटलं नाही. शॉट झाल्यावरही त्या निपचित पडून राहिल्या, तेव्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला. मग त्यांनी डोळे उघडले. शॉट संपला हे कुणी सांगितलं नाही म्हणून मी आपली मेलेलीच पडून होते, अशी त्यांची तक्रार होती! १९५५ साली सिनेमा लोकांपुढं आला. चुनीबाला देवी त्याआधीच गेल्या होत्या. पुढं जगानं या सिनेमाला जे डोक्यावर घेतलं, त्यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

मी सांगलीत संस्कृत शिकवण्यात आयुष्य घालवलं. नाट्यशास्त्राचा तास असला की इंदिर ठाकरून माझ्याबरोबर वर्गात येई, कारण तिच्याइतकी चांगली प्रकरी मला दुसरीकडं सापडलेली नाही. भरतमुनींनी कथावस्तूची पाच साधनं सांगितली आहेत: बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य. मुख्य कथेला साहाय्य करणारं उपकथानक लांबवर चाललं तर ती पताका. रामकथेत सुग्रीवाची कथा ही पताका. तो रामाला मदत करतो आणि त्याला स्वतःलाही काही मिळतं, किष्किंधेचं राज्य आणि पत्नी परत मिळते. प्रकरी मात्र थोडक्यात आटोपते. जटायू येतो, लढतो, सीतेची बातमी सांगतो आणि संपतो. शबरी वाट पाहते, आतिथ्य करते, पुढची दिशा दाखवते आणि संपते. प्रकरीचं लक्षण असं, की तिचं फळ केवळ दुसऱ्यासाठी असतं. पेरणी तिची, पदर भरतो नायकाचा.

इंदिर ठाकरूनच्या मरणाचं फळ दुर्गेला मिळतं. मृत्यू म्हणजे काय हे त्या पोरीला बांबूच्या बनात कळतं. बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या कादंबरीत म्हातारीचं मरण वेगळ्या प्रकारे येतं. रायांनी ते मुलांच्या हातांपाशी आणून ठेवलं. थोरल्या नाटककाराची नजर ती हीच. प्रकरी कुठं संपवली म्हणजे तिचं फळ बरोबर माणसाच्या ओंजळीत पडेल, हे त्याला दिसतं.

हे शिकवताना फळ हा शब्द आला की वर्गातल्या कुणाला ना कुणाला गीता आठवणारच. फळावर हक्क सांगू नकोस, कर्म कर, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ असतं. मग प्रकरी म्हणजे निष्काम कर्माची मूर्तीच झाली की! दोन मिनिटांच्या भूमिकेतला नट कथेत उद्या असणार नाही. त्याला सूड घ्यायचा नाही, लग्न करायचं नाही, शेवटच्या रिळात उभं राहायचं नाही. तरी तो त्या दोन मिनिटांत सगळा उतरतो. आपण गीतेचे पाठ करतो, पण फळावाचून केलेलं परिपूर्ण कर्म डोळ्यांनी पाहायला मिळण्याच्या जागा फार थोड्या. पडद्यावरची लहान भूमिका ही त्यातली एक आहे, असं मी मनापासून मानते. या भूमिका आपल्याला वर्षानुवर्षं सोडत नाहीत, याचं कारणही मला हेच वाटतं. काही न मागता दिलेलं पुरतं देणं आपण तिथं पाहिलेलं असतं.

पण विचार इथंच थांबवला तर तो लबाडीचा होतो. प्रकरीला प्रकरी कुणी केलं, हा प्रश्न त्यात येतच नाही.

‘शोले’मधले इमामसाहेब आठवा. ए. के. हनगल कराचीत तुरुंगवास भोगून, शिंपीकाम करून, १९४९ मध्ये मुंबईला आलेले. इप्टा या नाट्यसंस्थेच्या नाटकांत मुरले आणि पन्नाशीच्या आसपास सिनेमात आले. १९७५ च्या ‘शोले’त त्यांच्या वाट्याला मोजके प्रसंग आहेत. आंधळ्या इमामाचा तरणा मुलगा अहमद, म्हणजे आपला सचिन पिळगावकर, कामधंद्यासाठी गाव सोडून निघतो आणि त्याचं प्रेत घोड्यावरून परत येतं. ठाकूरनं गावात आणलेल्या जय आणि वीरू यांना ताब्यात द्या, असा डाकू गब्बरचा निरोप असतो. गाव बिथरतं. ठाकूर स्वाभिमानाच्या गोष्टी सांगतो, पण लोक ऐकायच्या मनःस्थितीत नसतात. तेव्हा इमामसाहेब बोलतात. बापाच्या खांद्यावर मुलाचा जनाजा, याहून जड ओझं जगात नाही, ते मी उचलू शकतो आणि तुम्हाला एवढं पेलवत नाही का, असं ते विचारतात. गावासाठी द्यायला आणखी मुलं का दिली नाहीस, हे आज देवाला विचारीन म्हणतात. तेवढ्यात अजान होते आणि ते मशिदीची वाट धरतात. गावाचा निर्णय झालेला असतो.

आता हेच बोलणं ठाकूरच्या तोंडी घालून पाहा. दुसऱ्याच्या पोराच्या प्रेतापाशी उभं राहून ठाकूरनं गावाला सांगितलं असतं, की गावासाठी आणखी पोरं गेली तरी चालतील, तर तो धैर्याचा उपदेश झाला नसता. ते क्रौर्य झालं असतं. शब्द तेच, पण ते बोलायचा अधिकार फक्त त्या बापाचा. रामगढ सोडून जाण्याचा, गावाला तळतळाट देण्याचा, त्या दोघांना हाकलून द्या म्हणण्याचा सगळा हक्क त्याच्या हातात होता. तो हक्क त्यानं सोडला म्हणून त्याच्या बोलण्याला वजन आलं. जे आपल्या हातात आहे तेच सोडता येतं.

हे मला ग्रंथातून नंतर कळलं. आधी ते मी गावच्या सप्ताहात पाहिलं होतं. वाळवा तालुक्यातलं आमचं गाव. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकवायची नाही, हा नेम. गळ्यात वीणा घेऊन पहाऱ्यापहाऱ्यानं माणसं उभी राहतात. कीर्तनाच्या वेळी मंडप भरलेला असे, तेव्हा वीणेकऱ्याच्या पाया पडायला रांग लागे. रात्री दोन ते चार या वेळात मात्र मंडपात चिटपाखरू नसायचं. माझे थोरले काका दरवर्षी तो पहारा मागून घेत. लहानपणी एकदा मला मध्यरात्री जाग आली आणि आईबरोबर मी देवळापर्यंत गेले. गॅसबत्तीची वात कमी केलेली, सतरंजीवर दोघंतिघं टाळकरी पेंगलेले आणि काका विठ्ठलासमोर ताठ उभे. बोट तारेवर, ओठ हलताहेत. आम्ही आलो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. बघणारं कुणी नसताना माणूस इतका सगळा एका जागी असू शकतो, हे मी त्या रात्री पाहिलं. निष्काम कर्म म्हटलं की आजही मला आधी काका आठवतात, श्लोक नंतर.

पण त्याच मंडपाचे वासे वाहून आणणारी माणसं गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत. मंडप त्यांनी उभारायचा, पंगतीसाठी लाकडं त्यांनी फोडायची. त्यांच्या गळ्यात वीणा कधी आली नाही. दुपारची नाही आणि रात्री दोनचीही नाही. काकांनी गर्दीचा मान सोडला, कारण तो मान त्यांना मागता येत होता. ज्यांना तो मागताच येत नव्हता, त्यांनी काय सोडलं म्हणायचं? त्यांच्या कष्टाला निष्काम म्हणणं सोपं आहे. फळ आधीच काढून घेतलं होतं आणि वर त्याला त्यागाचं नाव द्यायला आम्ही मोकळे होतो. असं पाहिलं की प्रकरी हा शब्द नाटकाच्या पुस्तकातून बाहेर काढताना हात थरथरायला हवा.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा सिनेमा २०१४ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला, नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप असा, की त्यांचं गाणं ऐकून वासुदेव पवार या गटारसफाई करणाऱ्या कामगारानं मॅनहोलमध्ये उतरून जीव दिला. त्या कामगाराच्या विधवेची भूमिका उषा बाणे यांनी केली आहे. त्या व्यावसायिक नटी नव्हेत. साक्षीच्या पिंजऱ्यात त्या उभ्या राहतात. कॅमेरा हलत नाही, पार्श्वसंगीत नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर त्या देतात, आवाज चढवत नाहीत. नवऱ्याला उतरताना काही साधनं मिळत नसत. घाणीचा वास सहन व्हावा म्हणून तो आधी दारू प्यायचा. खाली उतरण्याआधी तो आत खडा टाकून बघायचा. झुरळ बाहेर आलं तर खाली हवा आहे, उतरायला हरकत नाही.

खडा आणि झुरळ. एका माणसाचा जीव राहणार की जाणार, हे सांगणारं यंत्र एवढंच होतं. उषाबाई हे ज्या स्वरात सांगतात त्यात तक्रारही नाही. रोज डबा भरून देताना जसं बोलावं तसं त्या बोलतात. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो त्यामुळंच. त्यांच्या साक्षीनं कथेला काय मिळतं? आत्महत्येचा आरोप पोकळ ठरतो आणि शाहिरांच्या जामिनाची वाट मोकळी होते. फळ दुसऱ्याला, लक्षण तंतोतंत जुळलं. पुढं बचावाचा वकील त्यांना आपल्या गाडीतून घरी सोडतो, पैसे देऊ करतो. त्या नको म्हणतात. काही काम असेल तर सांगा, म्हणतात.

या एका मागणीपाशी माझं सगळं शिकवणं अडतं. कथेनं तिला प्रकरी केलं, पण ती बाई प्रकरी व्हायला नकार देते. कुणाची दया तिला नको आहे. कष्ट करीन आणि त्याचं फळ माझ्या पदरात घेईन, एवढंच तिचं म्हणणं. हे मागणं सकाम आहे, आणि त्याहून धार्मिक मागणं मला माहीत नाही. हातानं मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा आपण २०१३ साली केला. गटारात मरणाऱ्या कामगाराच्या घरच्यांना ३० लाख रुपये द्या, असं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. कायद्यानंतर दहा वर्षांनी अजून मरणाच्याच भरपाईबद्दल बोलावं लागतं, यात सगळं आलं.

मग गीतेचं काय करायचं? मी ती टाकू शकत नाही. माझ्या काकांचं उभं राहणं मी पाहिलं आहे. पण ती कुणाला सांगितली, हे आता मी विसरत नाही. फळाची आशा सोड, हे कृष्ण अर्जुनाला सांगतो. अर्जुन नायक आहे. युद्ध जिंकलं तर राज्य त्याच्या घरात येणार आहे. ज्याच्या ओंजळीत फळ पडणारच आहे त्याला सांगितलं, की ओंजळ घट्ट मिटू नकोस. कुरुक्षेत्रावर अठरा अक्षौहिणी सैन्य होतं. त्यातल्या पायदळाच्या माणसापाशी जाऊन कृष्णानं असं काही म्हटल्याचं महाभारतात नाही. आपण मात्र शतकानुशतकं तो उपदेश पायदळाला करत आलो आणि राजवाड्याला विसरलो. गीतेनं चातुर्वर्ण्याला तत्त्वज्ञानाचा आधार दिला, ही बाबासाहेब आंबेडकरांची टीका माझ्यासारख्या गीता शिकवणाऱ्या बाईनं टाळून चालत नाही. स्वधर्म या नावाखाली कुणाला कायमचं खाली उतरवलं गेलं, याचं उत्तर ‘कोर्ट’च्या त्या पिंजऱ्यात उभं आहे.

ग्रीक-रोमन जगातला तत्त्वज्ञ एपिक्टेटस हाही माणसाला नटच म्हणतो. भूमिका लहान की मोठी, भिकाऱ्याची की राजाची, हे नाटककारानं ठरवायचं. आपण ती चांगली करायची, असा त्याचा बोध. वाचताना मन उसळतं, पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तो जन्मानं गुलाम होता. गुलामानं हे स्वतःला सांगितलं तर ती त्याची मोकळीक. मालकानं हेच गुलामाला सांगितलं, तर ती बेडी. इमामसाहेब आणि ठाकूर यांच्यातला फरक तो हाच.

त्यामुळं लहान आयुष्याचं मोल लहान का, या जुन्या प्रश्नाला मी दोन उत्तरं देते. ती दोन्ही एकदम खरी आहेत आणि एकानं दुसरं पुसलं जात नाही. मोल लहान नाही, हे इंदिर ठाकरूननं रोपट्याला पाणी घालून दाखवलं. आयुष्याच्या पूर्णत्वाला लांबी लागत नाही, श्रेयनामावलीत पहिलं नावही लागत नाही. पण ती पूर्ण होती म्हणून तिला हाकललं ते बरोबर ठरत नाही. तिच्या मनाचा मोठेपणा तिच्या जमेला आहे, त्यातून आपली बाकी फिटत नाही.

ही बाकी कशी फेडायची, हे आपल्या परंपरेनंच सांगून ठेवलं आहे. वाल्मीकींनी जटायूला प्रकरी केलं, पण तो मेल्यावर त्यांनी कथा तिथंच थांबवली. सीतेला रावणानं नेलं हे कळलेलं आहे, एकेक घटका मोलाची आहे, तरी राम लाकडं गोळा करायला सांगतो, स्वतः अग्नी देतो, गोदावरीवर जाऊन उदक देतो. बापाचे अंत्यसंस्कार ज्याच्या हातून झाले नाहीत, तो एका पक्ष्याचे करतो. फळ ज्याला मिळालं त्यानं थांबलं पाहिजे आणि देणं दिलं पाहिजे, हा रामकथेतला धर्म मला धनुष्यभंगाहून मोठा वाटतो. देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणं आपण सगळे जाणतो. शतपथ ब्राह्मणात चौथंही ऋण सांगितलं आहे, ते माणसांचं. ते फेडायचं साधन म्हणून तिथं यज्ञ सांगितलेला नाही आणि अध्ययनही नाही. माणसाला निवारा द्यावा आणि अन्न द्यावं, एवढंच सांगितलं आहे. इंदिर ठाकरून त्या अंगणात नेमकं हेच मागायला आली होती.

निष्काम कर्म हा माझा स्वतःपुरता धर्म आहे. तो मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, माझ्याहून ज्याच्या पदरात कमी पडलं आहे त्याला तर मुळीच नाही. त्याच्याकडं जाताना मला एकच विचारायचा हक्क आहे: तुमचं फळ तुमच्यापर्यंत पोचलं का? पोचलं नसेल, तर ते कुणाच्या घरात अडकलं आहे हे शोधावं, आणि त्या शोधाची सुरुवात माझ्या घरापासून करावी. मोठ्या भूमिका आपल्याला अनेकदा आपण कोण व्हावं ते दाखवतात. आपण कुणाचे देणेकरी आहोत, हे मात्र मला या लहान भूमिकांनी शिकवलं.